घोड्यांना भाडेपट्टा, माणसांना फोटोपास

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीला आपण जातो. वंदना घेतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. तिथल्या शिलालेखांपुढे मात्र फारसे कुणी थांबत नाही. कल्याण, सोपारा, नाशिकच्या उपासकांनी लेणी आणि पाण्याच्या पोढी दान दिल्या, त्याच्या त्या नोंदी आहेत. काही लेखांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता उत्पन्नातून भिक्खूंच्या चिवराची सोय लावणारी कायमची ठेव. राहणाऱ्याला राहण्याची हमी द्यायची तर ती लिहून द्यावी लागते, ही समज या डोंगरात दीड हजार वर्षांपेक्षा जुनी आहे.

आता त्याच डोंगराच्या कडेला या. मालाडचा अप्पापाडा, कांदिवलीचे दामूनगर, दहिसरचा केतकीपाडा. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाडा-विदर्भातून मुंबईला आलेल्या आपल्या माणसांनी जिथे जागा मिळाली तिथे झोपडे बांधले. गावात जमीन नव्हती, शहरात भाडे परवडत नव्हते. त्यांना काय लिहून मिळाले?

1976 साली सरकारने सार्वजनिक जमिनीवरच्या झोपड्यांची गणना केली आणि फोटोपास दिले. लोकांनी तो कागद देव्हाऱ्यातल्यासारखा जपला. पण मित्रांनो, फोटोपास म्हणजे भाडेपट्टा नव्हे. भाडेपट्ट्यात मुदत असते, अटी असतात आणि त्या मोडल्या तर पट्टेदार कोर्टात जाऊ शकतो. फोटोपास एवढेच सांगतो की अमुक दिवशी तुम्ही इथे होतात. ऑल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला, 1976 च्या गणनेतल्या लोकांना पर्यायी जागा द्या म्हटले, पण फूटपाथवरून हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. (त्याच 1976 साली दिल्लीत तुर्कमान गेटला घरे पाडली गेली. ती पाडापाडी ज्यांच्या नावाशी जोडली जाते, त्यांचेच नाव पुढे आपल्या या उद्यानाला मिळाले.)

सरकारला भाडेपट्टा द्यायचे माहीत नव्हते असे मुळीच नाही. 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत झोपडपट्टी सुधार योजना आली. रहिवाशांनी सहकारी सोसायटी करायची, जमीन तिला 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, घर जिथे आहे तिथेच. बिल्डर नाही, टॉवर नाही. माझ्या मते झोपडपट्टीवासीयांसाठी सरकारने आखलेली ही सर्वात सभ्य योजना होती. ती उद्दिष्टाच्या फार मागे राहिली आणि पुढे बिल्डरकेंद्री एसआरएने तिची जागा घेतली. एसआरएतही सरकारी जमीन सोसायटीला 30 वर्षांच्या पट्ट्याने मिळते आणि भाडे 4000 चौरस मीटरला 1001 रुपये! म्हणजे पैशांची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती ‘सार्वजनिक प्रयोजनाची जमीन’ या शिक्क्याची. बाग, मैदान, वन असे लिहिले की पट्ट्याचा विषय संपतो.

1995 साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली. 7 मे 1997 ला आदेश आला: उद्यानातली अतिक्रमणे हटवा, 1 जानेवारी 1995 च्या मतदार यादीत नाव असेल त्यांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करा. जेमतेम दोन महिन्यांनी, 11 जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी आपली 10 माणसे मारली. मुंबईतल्या दलित वस्तीने एकाच पावसाळ्यात बुलडोझर आणि बंदूक दोन्ही पाहिले. पुनर्वसनासाठी प्रत्येक कुटुंबाने 7000 रुपये भरायचे ठरले. सुरुवातीला जागा दाखवली ती कल्याणजवळ शिरढोणला. पोटाचा धंदा मालाड-कांदिवलीत आणि घर तिकडे! निवारा हक्कच्या लढ्यानंतर चांदिवलीला संघर्षनगर उभे राहिले, अकरा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली. बाकीच्यांपैकी कित्येकांच्या हाती आजही ती पावतीच आहे.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, वनहक्क कायदा वापरू. वारली पाड्यांचा तो हक्क आहे आणि तिथे आपण त्यांच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे. पण 2006 चा हा कायदा अनुसूचित जमातींना 13 डिसेंबर 2005 पर्यंतचा ताबा विचारतो आणि इतरांना त्याआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे. दुष्काळात आलेला बौद्ध माणूस त्यात बसतच नाही. वन संवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या परवानगीशिवाय राज्य वनजमिनीचा पट्टा देऊ शकत नाही. खोटी आशा लावणे हीही फसवणूकच आहे.

गावाकडचे उदाहरण आठवा. दादासाहेब गायकवाडांच्या 1964-65 च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखोंनी तुरुंग भरले, मागणी होती पडीक सरकारी जमिनीची. पुढे 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले आणि मुदत ठेवली 14 एप्रिल 1990. गावात कसणाऱ्याचे अतिक्रमण नियमित होऊ शकते, शहरात राबणाऱ्याचे का नाही?

जंगल नकोच असे मी म्हणत नाही. विहार, तुळशीचे पाणी आपणही पितो. पण मोकळ्या जागेचे प्रेम सगळ्यांना सारखे लागू करा. महालक्ष्मी रेसकोर्सची दोनशे एकरांहून अधिक सार्वजनिक जमीन शर्यतीच्या घोड्यांसाठी भाडेपट्ट्यावर होती. 2013 साली मुदत संपली, तरी तिथे बुलडोझर गेला नाही. वर्षानुवर्षे पट्ट्याविना शर्यती चालू राहिल्या. शेवटी 120 एकर बागेसाठी घेऊन 91 एकर पुन्हा 30 वर्षांच्या पट्ट्याने क्लबलाच द्यायचे ठरले. उपनगरांत पालिकेची मैदाने ‘दत्तक’ घेऊन क्लब उठवणारे पुढारी कोण, हे आपापल्या वॉर्डात विचारा.

जून 2025 मध्ये उच्च न्यायालयाने विकास नियमावलीतली आणखी एक तरतूद उचलून धरली. बाग-मैदानाच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल तर किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या जागेत तिथल्याच लोकांचे पुनर्वसन करता येते. ही वाट नॅशनल पार्कातल्यांसाठी नाही, पण अंधेरीपासून मुलुंडपर्यंत बागेच्या आरक्षणावर राहणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी आहे. तेव्हा बिल्डर संमतीपत्र घेऊन दारात आला की आधी विचारा: जमिनीचा पट्टा सोसायटीच्या नावे कधी होणार, किती वर्षांचा, आणि त्याची प्रत आमच्या हातात कधी पडणार?

जय भीम.