आजोळ कोणाच्या दारी येते

मार्चच्या अखेरीस इंदूरच्या शाळांचे निकाल लागतात, एप्रिलच्या आरंभी नवे वर्ग सुरू होतात आणि मे उजाडला की उन्हापुढे हात टेकून शाळा जूनपर्यंत बंद राहतात. या दिवसांत छत्रीबागेत संध्याकाळी फेरी मारली, तर लक्ष्मी-वेंकटेशाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जोडी वारंवार दिसते: पांढऱ्या केसांचे एक माणूस आणि त्याचे बोट धरलेले एक मूल. कोणी नातीला देवदर्शनाला नेत असते, कोणी नातवाला कुल्फीचे आमिष दाखवून घराबाहेर काढत असते. होळकर घराण्यातील पूर्वजांच्या छत्र्या ज्या बागेत उभ्या राहिल्या आणि जिचे नाव पुढे वस्तीला मिळाले, त्या ठिकाणी आजोबा-नातवंडांच्या या सोबतीचा माग काढावा असे वाटले, कारण छत्री हे शेवटी पणजोबा-आजोबांचे दगडात केलेले स्मरणच आहे. शाळेचे वर्ष संपले की मुलांनी आजी-आजोबांबरोबर असावे, ही रीत आली कुठून? ती सुट्टीइतकीच जुनी आहे, की सुट्टीहूनही जुनी?

त्यासाठी आपण प्रथम शाळेच्या वर्षाकडे पाहू. आपल्याकडे अध्ययनाचे वर्ष उन्हाळ्यात संपत नव्हते. मनुस्मृती सांगते की श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेला उपाकर्म करून वेदाध्ययन सुरू करावे, साडेचार महिने ते चालवावे आणि पौषात गावाबाहेर जाऊन उत्सर्जन करावे. आश्वलायन गृह्यसूत्राने त्यासाठी माघी पौर्णिमा सांगितली. उत्सर्जन म्हणजे शैक्षणिक वर्षाचा समारोप. त्या दिवशी शिष्य पाण्यात उतरून देवांचे, ऋषींचे, आचार्यांचे आणि अखेरीस आपल्या पितरांचे तर्पण करीत. तर्पणात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार होतो. म्हणजे वर्षभराचा अभ्यास संपला की आजोबांना हाक मारायची, ही गोष्ट निदान अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी ठरते. आजोबा त्या वेळी हयात नसत, ते नावानेच येत, आणि हा संस्कार मुंज झालेल्या मुलांपुरताच होता, हे खरे. नाती त्यात नव्हत्या. तरीही विद्येचे वर्ष मिटताना मागच्या पिढ्यांकडे वळून पाहावे, ही जाण तिथे स्पष्ट आहे. आज बहुतेक घरांत उत्सर्जन आणि उपाकर्म श्रावणात एकाच दिवशी उरकले जाते, त्यामुळे समारोपाचा हा दिवस स्मरणातून जवळजवळ पुसला गेला.

मधल्या काळातल्या पंतोजींच्या शाळेत लांब सुट्टी नव्हतीच. अमावास्या, प्रतिपदा, अष्टमी अशा अनध्यायाच्या तिथी, सणवार आणि सुगीच्या दिवसांत आपोआप रिकामी होणारी ओसरी, एवढीच मोकळीक. पण कुणब्याच्या घरात वर्षाचा शेवट दुसऱ्याच दिवशी होत असे. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. शेतावरच्या सालदाराचे साल त्या दिवशी पुरे होते आणि नवे ठरते. रब्बीचे धान्य घरात आलेले, नांगरटीला अवकाश असलेला. याच दिवशी पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर पुजतात, त्यांना आंब्याचा नैवेद्य दाखवतात, आणि अनेक घरांत त्याआधी आंबा तोंडाला लावत नाहीत. आणि याच दिवसांत लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. लेक आली म्हणजे तिच्या कडेवरचे आणि पदराला धरलेले मूलही आले. या सणात पितरांची घागर आणि नातवंडांचा झोका एकाच अंगणात असतात. मृत आजोबांना पाणी आणि जिवंत आजोबांच्या मांडीवर नातू, असा हा वैशाख. शाळेची सुट्टी जन्मण्याच्या कितीतरी आधी आजी-नातवंडांच्या भेटीचा महिना शेतीच्या पंचांगाने ठरवून टाकला होता, असे मला ठामपणे वाटते.

इंदूरच्या इतिहासाची नाळ याच खानदेशातल्या एका आजोळाशी जोडलेली आहे. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ सालचा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील खंडूजी लवकर वारले आणि आईने लहानग्या मल्हारीला घेऊन तळोदे गाठले, आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे. मामाची मेंढरे राखत आणि पुढे मामाच्या पथकात घोड्यावर बसत हा मुलगा वाढला. उन्हात झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरल्याची आख्यायिका याच तळोद्याच्या रानातली. मामाची लेक गौतमाबाई त्याची पत्नी झाली आणि १७३४ मध्ये होळकरांची खासगी जहागीर तिच्याच नावे झाली. भाचरांसाठी भावाचे दार उघडे असणे ही रीत त्या काळी जगण्याचा आधार होती, करमणूक नव्हती. ज्या घराण्याच्या छत्र्या आज छत्रीबागेत उभ्या आहेत, त्याची पहिली उभारी मामाच्या घरी झाली, हे छत्र्या पाहायला येणाऱ्या मुलांना कोणी तरी आवर्जून सांगायला हवे.

याच घराण्यात आजी आणि नातवाची एक दुःखद कथाही आहे. अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि त्यांचा एकुलता मुलगा नथ्याबा. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव १७६७ मध्येच गेला होता, तेव्हा महेश्वरच्या वाड्यात लेकीचा हा मुलगा आजीच्या सगळ्या आशांचे स्थान होता. तो तरुणपणी वारला, पाठोपाठ यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात या प्रसंगाची नोंद आहे, आणि राज्यकारभाराच्या इतक्या पानांमध्ये ती वाचताना आजही मन थांबते.

हा माल्कम आपल्या मागोव्यात आणखी एका कारणाने येतो. होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह त्यानेच घडवला आणि त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर, १८२८-२९च्या सुमारास, त्याच्याच पुढाकाराने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे वसले. उन्हाळ्यात अंमलदारांनी डोंगरावर जायचे आणि खालचे कामकाज आखडते घ्यायचे, ही सवय इंग्रजी अमदानीत रुजली. कोर्ट, कॉलेज आणि शाळा यांची मे महिन्यातली सुट्टी याच वातावरणात घट्ट झाली. इंदुरात १८४१ मध्ये मदरसा निघाला, १८९१ मध्ये होळकर कॉलेज. वर्ग, परीक्षा, निकाल आणि सुट्टी असे नवे चक्र इथल्या घरांतही फिरू लागले. इंग्रजांनी सुट्टी आपल्या थंड डोंगरांसाठी घेतली, पण ती नेमकी वैशाखावर येऊन पडली आणि मराठी घरांनी आखाजीची जुनी वहिवाट तिच्यात सहज ओतली. साहेब महाबळेश्वरला गेला, मुले आजोळी गेली.

जायला साधन मात्र हवे होते. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली, बोरघाट १८६३ मध्ये ओलांडला गेला, आणि त्या दशकातच रूळ भुसावळमार्गे खांडव्यापर्यंत आले. खांडव्याहून इंदूरला यायचे तर बैलगाडी, नर्मदेचा उतार आणि विंध्याचा चढ. तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांसाठी इंग्रज सरकारला दिले आणि होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल झाला, कालाकुंड ते पातालपानी घाटात बोगदे खणले गेले आणि दशक संपण्याआधी मीटरगेजची गाडी इंदुरात शिरली. संस्थानी कर्जाच्या या करारात कोणी नातवंडांचा विचार केला नसेल, पण त्यांच्याइतका लाभ फार थोड्यांना झाला. कोकण आणि देशावरून होळकरशाहीत चाकरीला आलेल्या कुटुंबांची मुले खांडव्याला गाडी बदलून नाशिक, पुणे, रत्नागिरीकडच्या आजोळी जाऊ लागली. उलट ज्यांची आई इंदूरची, ती पुण्या-मुंबईची मुले माळव्यात येऊ लागली. बोगदा आला की खिडकी लावायची, पातालपानीचा धबधबा डावीकडे की उजवीकडे यावर भांडायचे, हे या प्रवासाचे ठरलेले सोपस्कार. गदिमांचे अगीनगाडीचे बालगीत मराठी मुलांच्या तोंडी कायमचे बसले, त्यामागे असे हजारो प्रवास होते.

या वाटेवरचे एक घर सर्वांना ठाऊक आहे. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ मध्ये इंदूरचा. त्यांची आई माई मंगेशकर खानदेशातल्या, तापीकाठच्या थाळनेरच्या. थाळनेर हे त्या भावंडांचे आजोळ. इंदूर आणि तापीखोरे यांच्यात लेकीबाळींची ये-जा किती सहज होती, याची कल्पना या एका घरावरून येते.

आजोळी मुले करीत तरी काय? आज ज्याला उन्हाळी शिबिर म्हणतात, त्यातले बहुतेक सगळे तिथे होते, फक्त त्याचे वेळापत्रक आजीच्या हाती होते. पहाटे कुरडयांचा चीक हाटायचा, गच्चीवर धोतर अंथरून पापड, सांडगे, बटाट्याचा कीस वाळत घालायचा आणि दुपारभर कावळे हाकायचे; राखणीची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक. आंब्याची अढी लावायची आणि रोज हात घालून पिकलेला आंबा ओळखायचा. आजोबांकडून पत्त्यांतला झब्बू आणि बुद्धिबळातला घोडा शिकायचा, आजीकडून सागरगोटे. रात्री गच्चीवर पाण्याचा सडा टाकून गाद्या घातल्या की गोष्टी. यातली एकही गोष्ट मुलांसाठी म्हणून मुद्दाम आखलेली नव्हती. वाळवण वर्षभराच्या बेगमीचे होते आणि मुलांचे हात घराला खरोखर हवे होते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: आजी-नातवंडांची मैत्री कामातून होत असे, आणि काम खरे असे.

शहरे वाढली, घरे लहान झाली, तसे आजीचे एकेक काम बाहेर निघाले. वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ पासून गोष्टी घरपोच देत होतेच. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला चालवली आणि गोष्ट सभागृहात आली. १९५९ मध्ये सुधा करमरकरांच्या लिट्ल थिएटरने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, आणि मे महिन्यात बालनाट्याला मुलांना घेऊन जाणे हा मुंबई-पुण्याच्या सुट्टीचा भाग झाला. इथे आजोबांची जागा बदलली. ते सांगणारे होते, आता शेजारच्या खुर्चीत बसून मुलांबरोबर पाहणारे झाले.

पुढचा बदल त्याहून मोठा, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर झाला. गावातला वाडा विकला गेला, मामा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला गेला, आणि मुलांनी जायला आजोळच उरले नाही. तेव्हा आजी-आजोबांनीच पिशव्या भरल्या. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, त्या पिढीतल्या अमेरिकेतल्या मराठी घरांत आई-वडील उन्हाळ्याच्या सुमारास येतात, प्रवेशाच्या वेळी साधारणपणे मिळणारे सहा महिने राहतात, आणि नातवंडांच्या शाळेच्या शेवटच्या आठवड्यातल्या नाटकाला, सहलीला, बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेत बसतात. ज्या वाटेने पिढ्यान् पिढ्या मुले गेली, तिच्यावरून आता म्हातारी माणसे उलट दिशेने चालू लागली. गुडघे दुखत असताना, अनोळखी विमानतळांवर कागद दाखवत केलेल्या या प्रवासाचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही.

शाळांनी आजी-आजोबांना बोलावण्याची औपचारिक रीत मात्र बाहेरून आली. पोलंडमध्ये २१ जानेवारीचा आजीदिन १९६०च्या दशकापासून पाळला जातो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅरियन मॅक्वेड या गृहिणीने वृद्धाश्रमांतल्या एकाकी माणसांसाठी चिकाटीने प्रयत्न केले आणि १९७८ मध्ये काँग्रेसने सप्टेंबरातला एक रविवार आजी-आजोबांच्या नावे केला. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये शाळांतून आजी-आजोबा दिवस साजरा करण्याचे ठरवले, तेव्हा तारीख सुचवली १० सप्टेंबर. इंदूर त्या आदेशाच्या कक्षेत येत नाही, पण इथल्या शाळांतही असे दिवस होतात. उपक्रम चांगला आहे, यात शंका नाही. पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे चाचणी परीक्षांचा आणि पावसाचा काळ. आपल्या परंपरेत पूर्वजांना हाक मारण्याची वेळ वर्ष संपताना होती, मग ते गुरुकुलाचे असो की शेताचे. निकालाच्या दिवशी आजी-आजोबांना शाळेत बोलावले, मैदानात सागरगोटे आणि विटीदांडू मांडले, गच्चीवर एक दिवस कुरडया घातल्या, तर तो दिवस परका वाटणार नाही.

इंदूरची जुनी मीटरगेज आता इतिहासजमा होत आहे. पातालपानी ते कालाकुंड या टप्प्यात २०१८च्या डिसेंबरात हेरिटेज गाडी सुरू झाली; आजोबा नातवंडांना तिच्यात बसवून बोगदे मोजायला लावतात. महूपासून पुढच्या नर्मदेकडच्या मार्गावर गेज बदलण्यासाठी २०२३ मध्ये वाहतूक थांबली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर केला, खर्च १८,०३६ कोटी रुपये. धुळे जिल्हा पार करून सातपुडा, नर्मदा आणि विंध्य ओलांडत तो माळव्यात चढणार आहे. तो झाला की धुळ्याच्या आजीला इंदूरच्या नातवाच्या निकालाला यायला सुरत-रतलामचा वळसा किंवा सेंधव्याच्या घाटातली बस लागणार नाही, आणि आखाजीला नातवाला घेऊन परत जाणेही तितकेच सोपे होईल.