पाचवा भागाकार

साल १७३२. सेंट पीटर्सबर्ग शहर वसून जेमतेम २९ वर्षं झाली आहेत. नेवा नदीकाठच्या विज्ञान अकादमीत तुम्ही पंचविशीतल्या गणिती लेओनार्ड ऑयलरच्या शेजारी बसला आहात. हाताशी पीस, दौत आणि कागद, बस्स.

तीन वर्षांपूर्वी गोल्डबाख या गणितीनं ऑयलरला पत्रातून विचारलं होतं, आधीच्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा म्हणतो ते खरं का? २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घ्या, प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. ही रांग अशीच पुढे जाणार, असा फर्माचा ठाम विश्वास. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

आता सहावी संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, कागदावर लिहा: ४,२९,४९,६७,२९७. शेवटी ७ आहे, म्हणजे २ नाही, ५ही नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ सुद्धा नाही. असं एकेक करत गेलात, तर वर्गमूळापर्यंत साडेसहा हजारांहून जास्त मूळ संख्या तपासाव्या लागतील.

पण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. ऑयलर काही वर्षांनी जे सिद्ध करणार आहे, ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे: या संख्येचा मूळ अवयव असलाच, तर तो ६४ च्या पटीत १ मिळवूनच येणार. अशा मूळ संख्या अगदी थोड्या. १९३ नं भागा, बाकी १०९. २५७ नं भागा, बाकी फक्त २. जीव खालीवर होतो. ४४९, बाकी ३२५. ५७७, बाकी २८८.

पाचवी ६४१. ४२९४ मध्ये सहा वेळा, उरले ४४८. वरचा ९ उतरवा, ४४८९ मध्ये सात वेळा, उरले २. मग ६ उतरवा, ७ उतरवा. दोन्हीदा भाग बसत नाही, दोन शून्यं मांडा. २ उतरवला की २६७२, चार वेळा, उरले १०८. पुढे १०८९, एकदा, उरले ४४८. शेवटचा ७ उतरवा: ४४८७. सात वेळा ६४१ म्हणजे बरोबर ४४८७.

बाकी शून्य.

मला या गणितात हेच सगळ्यात आवडतं. हातात अवयव आला की फर्माच्या कीर्तीनंही काही फरक पडत नाही, आणि पडताळायला ऑयलरची बुद्धीही लागत नाही. शाळेतला भागाकार पुरतो.

पण उठू नका. भागाकार आलाय ६७,००,४१७. तोही फुटतो का? त्यालाही ६४ चाच नियम लागू. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि पहिल्या चार संख्या आधीच बाद झालेल्या. राहिल्या ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. सातही लावून पाहा. एकीनंही भाग जात नाही. म्हणजे ६४१ मूळ, ६७,००,४१७ मूळ, आणि फर्माच्या सहाव्या संख्येचे मूळ अवयव हे दोनच.