जस्ताची उणीव की अपुरा आहार? : मूत्रपिंडातील जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना :
खनिजांची उणीव आणि अन्नाची कमतरता या दोन बाबी बहुधा एकत्रच आढळतात. त्यामुळे शरीरात दिसणारा बदल नेमका कशाचा परिणाम आहे, हे ठरविणे कठीण जाते. प्रस्तुत लेखात जस्ताच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रायोगिक पार्श्वभूमी :
बुरशीच्या वाढीस जस्त आवश्यक असते, हे राउलिन यांनी १८६९ मध्ये दाखविले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन येथे टॉड, एल्व्हेजेम व हार्ट यांनी उंदरांबाबतही तेच सिद्ध केले. परंतु जस्ताविना उंदरांची भूकही मंदावते. मग खुंटलेली वाढ जस्ताअभावी की उपासमारीमुळे? यासाठी तिसरा गट आवश्यक ठरला. या गटास उणीवग्रस्त उंदरांनी खाल्ले तेवढेच, परंतु पुरेसे जस्त असलेले अन्न दिले जाते. या दोन गटांतील फरक जस्ताचा मानला जातो. तर हा तिसरा गट आणि पोटभर खाणारा गट यांतील फरक अपुऱ्या आहाराचा.

मानवी अनुभव :
बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे एक २१ वर्षांचा, परंतु दहा वर्षांच्या मुलासारखा दिसणारा रुग्ण आढळला. त्याचा आहार मुख्यतः गव्हाच्या न आंबविलेल्या रोटीचा होता आणि तो मातीही खात असे. धान्यातील फायटेट जस्ताचे शोषण रोखते. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांत केवळ सकस आहारापेक्षा जस्त दिल्यावर वाढ अधिक वेगाने झाली. प्रयोगशाळेतील भेद येथे माणसांतही प्रत्ययास आला.

मूत्रपिंड व जनुके :
१९५७ मध्ये मार्गोशेस व व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून धातू बांधून ठेवणारे प्रथिन वेगळे केले. तेच पुढे मेटॅलोथायोनीन म्हणून ओळखले गेले. आहारातील जस्त घटले की मूत्रपिंडातील या प्रथिनाच्या जनुकाची अभिव्यक्तीही घटते. याउलट, यकृतात अन्न कमी मिळाल्यास हेच प्रथिन वाढते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. उणीव व उपासमार यांचे परिणाम असे परस्परविरोधीही असू शकत असल्याने तिसऱ्या गटाविना काढलेला निष्कर्ष फसवा ठरण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. भूक हेच कारण असेल तर अधिक धान्य हा उपाय होय; खनिजाची उणीव असेल तर त्याच धान्याची वाढीव मात्रा पुरेशी ठरत नाही. कुपोषणाचा इतिहास लिहिताना केवळ धान्याच्या आकडेवारीवर विसंबणे म्हणूनच अपुरे ठरते. ताटात अन्न किती होते, याबरोबरच त्या अन्नात काय होते, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.