दोन तारखा, एक इतिहास

स्वतःच्या वैभवाची कथा सांगणे कोणत्याही राष्ट्रास सोपे असते. आपल्या भूमीवर झालेल्या अन्यायाची नोंद करणे मात्र धैर्याचे काम होय. मॉरिशसने हे काम उशिरा का होईना, हाती घेतले. २००८ साली कायदा करून सत्य व न्याय आयोगाची स्थापना झाली. गुलामगिरी आणि गिरमिट या दोन्ही प्रथांच्या परिणामांचा शोध घेऊन आयोगाने २०११ साली आपला अहवाल सादर केला.

या दोन प्रथा निराळ्या असल्या, तरी त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाईचे वीस लक्षांहून अधिक पौंड मात्र मालकांना मिळाले. पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांच्या हाती काहीच आले नाही. उलट पुढील काही वर्षे त्यांना उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलस’ जहाजाने ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईस येथे आणले होते. मुक्त झालेल्यांच्या श्रमाचे मोल वाढू नये, हाही मळेवाल्यांचा हेतू होता.

हिंदी मजुरांच्याही वाट्याला सुख आले नाही. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांना परवाना बाळगल्याविना फिरणे अशक्य झाले. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने गव्हर्नरांकडे अर्ज केला, तेव्हा कोठे चौकशी झाली.

रत्नागिरी, सावंतवाडीकडून मुंबई बंदरातून आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज या कष्टांचे स्मरण अभिमानाने करतात, व ते योग्यच आहे. परंतु खेड्यापाड्यांतील माणसांना खोट्या आशा दाखविणारे कित्येक मुकादम हिंदीच होते, हेही सांगितले पाहिजे. मुक्त गुलामांच्या वंशजांपैकी अनेकांचे दारिद्र्य आजही सरलेले नाही, हेही विसरता कामा नये. पूर्वजांचा घाम सांगावा आणि शेजाऱ्याच्या पूर्वजांच्या बेड्या वगळाव्यात, हा इतिहास नव्हे.

आप्रवासी घाटास २००६ मध्ये व पळालेल्या गुलामांचा आश्रय ठरलेल्या ल मोर्न पर्वतास २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वर उल्लेखिलेले दोन्ही दिवस आता सार्वजनिक सुट्टीचे आहेत. तथापि अहवाल छापला व पुष्पहार वाहिले म्हणजे हिशेब पुरा झाला, असे नाही. घाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलास ल मोर्नची कथाही घरातूनच ऐकावयास मिळेल, तेव्हा त्या हिशेबास खरा प्रारंभ होईल.