फेरी, क्रूझ की बोट राइड? नदीतील विहारासाठी नेमका इंग्रजी शब्द

'संध्याकाळी मांडवीतून फेरी मारली' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मात्र त्यातील 'फेरी' जशीच्या तशी इंग्रजीत नेली, तर अर्थ पालटतो. मराठीतील फेरी म्हणजे फेरफटका; इंग्रजीतील 'फेरी' म्हणजे माणसे व वाहने एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणारी नौकासेवा. रायबंदर–चोडण मार्गावर धावते ती फेरीबोट. तिच्यातील प्रवास कामाचा असतो, विहाराचा नव्हे.

निवांत जलविहारासाठी 'क्रूझ' हा शब्द योग्य ठरतो. तो डच भाषेतून इंग्रजीत आला असून, इकडून तिकडे आडवेतिडवे जाणे हा त्याचा मूळ अर्थ होय. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून सायंकाळी निघणारा जलविहार या शब्दात चपखल बसतो. क्रूझने निघाल्या ठिकाणीच परतले पाहिजे, असा नियम नाही. केवडिया येथे ३० ऑक्टोबर २०२० रोजी उद्घाटन झालेली 'एकता क्रूझ' नर्मदेतून सुमारे ६ किलोमीटरचे अंतर कापत सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत जाते. तिलाही क्रूझच म्हणतात, कारण भोवतालचे दर्शन हा तिचा हेतू आहे.

लहान नावेतून मारलेला अल्पकाळाचा फेरफटका म्हणजे 'बोट राइड'. 'बोट ट्रिप' त्याहून व्यापक असून बहुतेक प्रसंगी चालतो. 'सेलिंग' म्हणताना शीड, तर 'रोइंग' म्हणताना वल्ही अभिप्रेत असतात. पावसाळ्यात म्हादईच्या वेगवान प्रवाहात होते ते 'राफ्टिंग'. त्यात निवांतपणा नसतो. 'व्हॉयेज' हा शब्द दीर्घ, बहुधा सागरी प्रवासासाठी राखून ठेवावा.

हा भेद केवळ शैलीचा नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. अशा बोटीतील फेरफटक्याला 'क्रूझ' म्हटल्यास प्रशस्त डेक आणि कठडे असलेली मोठी नौका वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. बातमीत त्यामुळे दिशाभूल होते. जाहिरातीत तर पालक गैरसमजातूनच मुलांना पाठवू शकतात.

म्हणून शब्द निवडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रवासाचा हेतू, नौकेचा आकार आणि ती चालवण्याची रीत. पलीकडे पोहोचायचे असेल तर 'फेरी', मोठ्या नौकेतून रमतगमत जायचे असेल तर 'क्रूझ' आणि लहान नावेतून थोडा वेळ फिरायचे असेल तर 'बोट राइड'.