यंत्रमागाचे नमुना सुटे भाग : द्रव्यनिवड

यंत्रमागाचा नवा किंवा सुधारित सुटा भाग सर्रास उत्पादनात घेण्याआधी लेथ, मिलिंग अथवा सीएनसी यंत्रावर त्याचे एक-दोन नग कातून पाहतात. त्यांना नमुना भाग म्हणतात. नमुना कशाचा करायचा हे तो कशासाठी हवा त्यावर ठरते. केवळ बसतो की नाही हे पाहायचे असेल तर कातायला सोपे द्रव्य चालते. टिकतो की नाही हे पाहायचे असेल तर उत्पादनातलेच द्रव्य लागते.

हलके धातू. मापे आणि जुळणी तपासण्यासाठी ॲल्युमिनियम ६०६१ सोयीचे. त्याची घनता घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, म्हणजे पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते. ते झटपट कातले जाते. ७०७५ हे त्याहून बरेच बळकट, पण सहज वेल्ड होत नाही. पुढे-मागे हलणाऱ्या भागाचा नमुना पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा केला, तर वजन घटल्याने हादरे व धक्के बदलतात आणि चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरतो.

पोलाद व बीड. साध्या शाफ्टला ईएन-८ पुरते. जास्त भार व धक्का असेल तिथे ईएन-२४ घेतात. पाणी द्यायचे (तापवून कठीण करायचे) असल्यास ग्राइंडिंगपुरते माप आधीच राखून ठेवावे लागते, कारण उष्णोपचारात जॉब थोडा वाकतो. मागाची अनेक चाके व चौकटी बिडाच्या असतात. बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंप शोषला जातो आणि घर्षणाच्या जागी थोडे वंगणही मिळते. म्हणून अशा चाकाचा नमुना पोलादी गोळ्यातून न कातता बिडाच्या बारमधून कातणे योग्य.

झिजणारी जोडी. दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर स्वस्त व बदलायला सोपा भाग आधी झिजावा, असा नियम आहे. पोलादी शाफ्टभोवती गनमेटलचा (तांबे ८८, कथील १०, जस्त २ टक्के) बुश घालतात तो याचसाठी. धोट्याच्या मागात धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ताण्यातून आरपार जातो आणि त्याचे पोलादी टोक दर वेळी पिकरवर, म्हणजे धोट्याला फटका देणाऱ्या भागावर, आदळते. पिकर पूर्वी म्हशीच्या कच्च्या कातड्याचा, तेलात मुरवलेला असे. आता तो प्लास्टिकचा असतो. तो धोट्याच्या टोकापेक्षा मऊच ठेवतात.

प्लास्टिक. सूत तुटू नये म्हणून सुती मागाच्या शेडमध्ये हवा दमट ठेवतात आणि नायलॉन ओल पिते. नायलॉन-६ मध्ये ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुमारे २.५ ते ३ टक्के, तर पूर्ण भिजल्यावर सुमारे ९ टक्के पाणी मुरते. त्याने माप वाढते व कडकपणा घटतो, पण चिवटपणा वाढतो. कोरड्या, ताज्या कातलेल्या नायलॉनच्या पिकरला तडा गेला म्हणून ते द्रव्य लगेच बाद करू नये; नमुना आधी शेडच्या हवेत मुरू द्यावा. माप अचूक हवे असेल तिथे ॲसिटल (डेलरिन) बरे, कारण ते ओल फारच कमी घेते. मात्र तापल्यावर ते पोलादाच्या कितीतरी पट प्रसरण पावते, म्हणून बुशमध्ये त्या मानाने मोकळीक ठेवावी लागते.

आम्लाशी संबंध. सांगली जिल्ह्यातील विटा (तालुका खानापूर) हे यंत्रमागाचे केंद्र आहे; त्याच खानापूर-आटपाडी भागातील सोन्या-चांदीचे गलाई (शुद्धीकरण) व्यावसायिक देशभर पसरले आहेत. त्यांच्या उपकरणांचा आम्लाशी संबंध येतो, म्हणून त्यांचा नमुना करताना निकष बदलतात. ३०४ स्टेनलेस पोलाद नायट्रिक आम्लापुढे टिकते, पण नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणापुढे, म्हणजे अम्लराजापुढे, टिकत नाही. तिथे टेफ्लॉन उपयोगी. मात्र ते भाराखाली हळूहळू दबते.

पडताळणी. बाजारातील बारवर ग्रेडची खूण पुसट असू शकते, त्यामुळे महत्त्वाच्या भागासाठी मालाचे चाचणी प्रमाणपत्र घ्यावे. नमुन्याच्या ड्रॉइंगवर द्रव्याचा ग्रेड, उष्णोपचार आणि चाचणीच्या वेळची आर्द्रता लिहून ठेवावी. बार कातून केलेला प्लास्टिक नमुना आणि साच्यात ओतून केलेला उत्पादनाचा भाग यांच्या बळात फरक पडतो. साचा तयार झाल्यावर त्यातल्या पहिल्या नगांची चाचणी पुन्हा घ्यावी लागते.