घरोघरी नवजात बालसेवा

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाची तपासणी, निगा आणि आजारपणातील उपचार त्याच्या घरीच, गावातल्याच प्रशिक्षित बाईकडून करण्याची पद्धत. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात उभी केली.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर बंग दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोलीत सर्चची स्थापना केली. तेंदूपानांच्या एका गोदामात काम सुरू झाले. पुढे धानोरा रस्त्यावर ‘शोधग्राम’ वसले. तेथील रुग्णालयाला आदिवासींच्या देवीवरून ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ हे नाव मिळाले. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून येईपर्यंत खेड्यातील बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समजूत होती.

बालमृत्यूंकडे संस्था न्यूमोनियाच्या वाटेने वळली. गावातल्या कार्यकर्त्यांनी बाळाचे श्वास मोजून औषध दिले, मृत्यू घटले, तरी पहिल्या महिन्यातील मृत्यू बरेचसे तसेच राहिले. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचा घरोघरी जाऊन अभ्यास झाला. बहुतेक बाळंतपणे घरीच होत. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली अवघ्या २.६ टक्क्यांना. गरोदरपणी पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपणात अडेल, या भीतीने बाया हात आखडून जेवत. ४२ टक्के बाळे कमी वजनाची होती. आजारी बाळाला घेऊन दवाखान्यात जावे, तर रस्ता, पैसा आणि मजुरीचा दिवस, तिन्ही आडवे येत.

म्हणून दवाखानाच बाळंतिणीच्या खाटेपाशी नेण्याचे ठरले. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बाया निवडल्या गेल्या, त्या ‘आरोग्यदूत’. थैलीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास गुदमरलेल्या बाळासाठी फुगा-मुखवटा, अशक्त बाळासाठी उबदार पिशवी. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहायचे, मग ठरलेल्या दिवशी भेटी द्यायच्या, अंगावरचे दूध लवकर सुरू करायला लावायचे, बाळ थंड पडू द्यायचे नाही. सर्वांत वादग्रस्त पाऊल मात्र पुढचे होते. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि आईबाप रुग्णालयात जायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने आरोग्यदूताने जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे व तोंडाने कोट्रायमोक्साझोल पाजायचे. अल्पशिक्षित बाईच्या हाती सुई देण्याला डॉक्टरांचा आक्षेप होता. पण डॉक्टर त्या गावांत नव्हतेच, हे आक्षेप घेताना सहसा विसरले जाई.

निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत तो साठीच्या घरातच राहिला. तुलना करता घट ६२ टक्के होती. पुढील विश्लेषणानुसार या घटीतील ३६ टक्के वाटा जंतुसंसर्गावरील उपचाराचा, तर ३४ टक्के कमी वजनाच्या बाळांच्या निगेचा होता. २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रातील सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पातून हीच पद्धत अन्यत्र, शहरी वस्त्यांतही, राबवली.

दूरच्या वस्तीतील आई-बाळाचा प्रश्न गडचिरोलीपुरता नव्हता. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनाविकमध्ये इनुइट या मूलनिवासी समाजातील गरोदर स्त्रियांना विमानाने दक्षिणेच्या शहरांत नेत. भाषा, घरची माणसे सगळे मागे राहत असे. सर्च स्थापन झाली त्याच वर्षी, १९८६ मध्ये, तिथल्या पुविर्नितुक येथे इनुइट सुइणींना तयार करणारे प्रसूतिकेंद्र सुरू झाले. दोन्हीकडे उत्तर एकच निघाले: बाहेरच्या तज्ज्ञाची वाट न पाहता गावातल्या बाईला शिकवणे.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही सेवा ‘आशा’ या गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीकडे सोपवली. बाळंतपण दवाखान्यात झाले तर तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झाले तर पहिल्या दिवसाची धरून सात. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवसारख्या गावात आशाताई बाळाचे वजन करायला येते, त्यामागे गडचिरोलीचा हा प्रयोग आहे. सरकारने भेटी उचलल्या. सुई मात्र आशाच्या हाती दिली नाही. २०१४ मध्ये, रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा परिस्थितीपुरती जेंटामायसिनची मुभा मिळाली, तीही परिचारिकेला, म्हणजे एएनएमला. मृत्युदर घटवण्यात सर्वांत मोठा वाटा असलेला भाग असा मूळ रूपात देशभर गेलाच नाही.